सिराजच्या कबरीचा फोटो

खदीजाबीला एकच गोष्ट कळायची होती. परक्या मुलखात पुरलेल्या तिच्या थोरल्या पोराचं तोंड किबल्याकडे आहे की नाही, एवढंच. बाकी तिनं नशिबाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागूनही मिळालं नसतं म्हणा.

भिवंडीच्या बंदर मोहल्ल्यात घरटी एक माणूस बोटीवर असायचा, तेव्हाची ही गोष्ट. सिराज ज्या बोटीवर होता तिचा मालक ग्रीक, खलाशी बहुतेक आपल्या कोकणातले. ब्याऐंशी साली बोट ग्रीसच्या किनाऱ्याला लागलेली असताना तो वरून मालाच्या खणात पडला आणि जागीच गेला. मय्यत काही घरी आली नाही. आधी तार आली, मग काही महिन्यांनी त्याचा एक सोबती आला. तो म्हणाला, बंदराच्या वर डोंगरात एक जुना मठ आहे, तिथल्या पाद्र्यांनी आपल्या कबरस्तानाच्या कडेला जागा दिली, आम्ही जनाज्याची नमाज पढलो, सगळं रीतीनं केलं. खदीजाबीनं डोळ्यांना पदर न लावता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोंड कुणी फिरवलं?"

सोबती मागं उभा होता, त्याला काही दिसलं नव्हतं.

मय्यत कबरीत उतरवली की उजव्या कुशीवर जरा कलती करायची आणि तिचं तोंड काबेच्या दिशेला करायचं, म्हणजेच किबल्याकडे. ही शेवटची चाकरी. घरच्या माणसानं स्वतः खाली उतरून करायची असते. इकडे काबा मावळतीला, म्हणून भिवंडीतले सगळे गेलेले मावळतीकडे तोंड करून निजलेत, खदीजाबीचा नवराही. सिराजच्या वेळी घरचं कोणी नव्हतं, आणि पोराचं तोंड कुठल्या दिशेला राहिलं हे त्या माऊलीला सांगायला कोणी नव्हतं. "कयामतच्या दिवशी उठंल, तर समोर काय दिसंल त्याला?" भाकरी थापता थापता ती मध्येच थांबायची आणि हे विचारायची. कोणाला विचारते हे तिलाही ठाऊक नसायचं.

धाकटा इद्रीसही बोटीवरच, इंजिनखोलीत तेलवाला. नमाजाला म्हणाल तर हा गडी ईद-बकरीदचा, बाकी वेळ नाव नको. त्याचा सगळा जीव कॅमेऱ्यात. सिंगापूरला जुना कॅमेरा घेतला आणि तेव्हापासून बोट लागली की इतर पोरं बाजारात पळायची, हा डोंगरात. पण घरात खदीजाबीचा कायदा कडक. जिवाचं चित्र घरात नको, फरिश्ते येत नाहीत. म्हणून ह्याचे फोटो सगळे दगडाचे, झाडांचे, पडक्या भिंतींचे. चौकटीत बकरी आली तर ती चरून पुढे जाईपर्यंत हा बसून राहायचा. माणूस तर नाहीच. त्यामुळे झालं काय, की सिराजचाही एक फोटो ह्या घरात नव्हता. कंपनीच्या कागदावर चिकटवलेला होता तो कंपनीकडेच राहिला.

सत्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर इद्रीसची बोट त्याच बंदराला लागणार असं कळलं तेव्हा खदीजाबी अंगणापर्यंत सोडायला आली. "मला कपडा नको, घड्याळ नको," ती म्हणाली. "त्याच्या कबरीचा फोटो आण. तोंड कुठं हाय ते बघून ये. जा."

आता तिथं काय झालं ते ऐका.

इद्रीस सकाळच्या गाडीनं वरच्या गावात उतरला आणि मठापर्यंत पायी चढला. वाट एवढी देखणी की ज्या कामाला आलो ते अर्धं विसरायला झालं. दोन्ही अंगांना जैतुनाची झाडं, बुंधे पिळलेल्या धोतरासारखे, पानं वाऱ्यानं उलटली की सगळा उतार रुपेरी. मधे मधे दगडी बांध, कोरडं पिवळं गवत, आणि वर सरूच्या काळ्या झाडांत तो मठ. भिंती मधाच्या रंगाच्या, घुमटावर लाल कौलं, एका कमानीत नुसती घंटा टांगलेली. इद्रीसनं चढता चढताच फोटो काढायला सुरुवात केली. त्याला वाटलं, बरी जागा मिळाली भावाला. अम्माला दाखवू, तिचंही मन निवेल.

मठात एक म्हातारा पाद्री होता. तरुणपणी तोही बोटीवर राहिलेला, त्यामुळे कामापुरतं इंग्रजी त्याला येत होतं. त्यानं इद्रीसला पाणी दिलं, पिठीसाखरेत घोळलेली वडी दिली, सिराजचं नाव ऐकून मान हलवली. आठवत होतं त्याला. मग तो इद्रीसला कबरस्तानात न नेता शेजारच्या एका दगडी खोलीत घेऊन गेला. खोलीत फळ्यांवर पेट्या मांडलेल्या, पेट्यांवर नावं. पाद्र्यानं सावकाश समजावलं. आमच्या डोंगरात माती थोडी, जागा थोडी. तीन वर्षांनी आम्ही माणसाला बाहेर काढतो, हाडं दारूनं धुतो, पेटीत ठेवतो. ज्याचं कोणी येत नाही त्याची हाडं सगळ्यांच्या विहिरीत जातात. तुझ्या भावाची आम्ही दोन वर्षं जास्त वाट पाहिली. गेल्या हिवाळ्यात काढला. चांगला धुतला, प्रार्थना केली.

त्याच्या दृष्टीनं त्यानं मानच राखला होता, त्या बिचाऱ्याचा काय दोष. पण इद्रीसनं ऐकलं ते वेगळंच. दारूनं धुतला. ज्यानं जन्मात थेंब चाखला नाही त्या सिराजला दारूनं धुतला आणि विहिरीत टाकला, अनोळखी हाडांत. पाद्र्यानं विहिरीवरचं लोखंडी झाकण दाखवलं. इद्रीसनं ते उघडू दिलं नाही.

बाहेर येऊन तो भिंतीपाशी कितीतरी वेळ बसला. अम्माला हे कसं सांगायचं? सांगायचंच नाही, हे तर झालंच. पण मग दाखवायचं काय? रिकाम्या हातानं गेलो तर ती डोळ्यांत बघेल आणि सगळं वाचेल. शेवटी तो उठला. मठाच्या मागच्या उतारावर, एका जैतुनाखाली, मोकळी जागा होती. तिथं त्यानं हातांनी माती ओढली, लांबट उंचवटा केला, कडेनं दगड लावले. बापाच्या कबरीला त्यानं माती दिली होती, हातांना माप ठाऊक होतं.

आणि हे सांगायलाच हवं, की त्यानं घाईत काही केलं नाही. उलट फार विचार केला. अम्मा पहिलं काय विचारेल? तोंड किबल्याकडे आहे का. म्हणून त्यानं समुद्राकडे बघून मावळती नक्की केली. उशाचा दगड उत्तरेला रोवला, पायथा दक्षिणेला, म्हणजे उजव्या कुशीवर निजलेल्या माणसाचं तोंड बरोबर मावळतीला. अगदी भिवंडीतल्यासारखं. आणि अम्माला बोलायला जागाच राहू नये म्हणून सूर्य खाली उतरेपर्यंत तो थांबला. पुढे आडवी कबर, पलीकडे समुद्रात टेकलेला लाल सूर्य. एवढा चांगला फोटो त्यानं आयुष्यात काढला नव्हता.

घरी आल्यावर त्यानं पाकीट अम्माच्या मांडीवर ठेवलं. तिनं वाट पाहिली, जैतून पाहिलं, मठाच्या भिंती पाहिल्या, आणि मग तो फोटो हातात आला. इद्रीस बोट ठेवून सांगायला लागला. "हा उशाचा दगड. हा समोर सूर्य मावळतोय बघ. त्याचं तोंड तिकडंच हाय अम्मा. कोणीतरी नीट फिरवलंय."

खदीजाबी म्हणाली, "जैतुनाखाली हाय माझा पोर. कुराणात नाव हाय त्या झाडाचं." आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा रडली. तिचा जीव भांड्यात पडला. इद्रीसचाही पडला, खोटं कशाला बोलू. बायको खुर्शीदला मात्र त्यानं एकांतात खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "गुनाह झाला असंल, पण झाला तो बराच झाला. आता तोंड उघडू नका."

पुढचं वर्ष त्या घरानं सुखाचं बघितलं. शेजारच्या खोलीत लूमची खटखट चालूच, पण खदीजाबीच्या कपाळावरची आठी गेली. तिनं तीन बत्तीजवळच्या अनंताच्या स्टुडिओतून फोटो मोठा करून घेतला. अनंता म्हणाला, "मावशी, ह्यात माणूसच नाही. नुसते दगड काय मोठे करायचे?" ती हसली आणि म्हणाली, "माणूस हाय त्यात." फ्रेम भिंतीवर लागली. दर जुमेराती, म्हणजे गुरुवारी, अगरबत्ती लावून ती समोर बसायची, त्याच्या नावानं फातिहा पढायची. मोहल्ल्यातल्या बाया यायच्या, बघायच्या, म्हणायच्या, बघा, काफरांच्या मुलखात पण अल्लानं लाज राखली. भिवंडीच्या बायांना मावळती म्हणजे किबला. त्यात शंका घ्यायला काय होतं?

मग एका दुपारी हसनचाचा आला.

हसनचाचा म्हणजे सिराज-इद्रीसच्या बापाचा जुना दोस्त. जन्मभर बोटीवर सारंग होता, म्हणजे खलाशांचा मुकादम. नमाज एक वेळची सोडली नाही त्यानं, डेकवर लाटांत सुद्धा. दम्यानं बेजार होऊन लेकीकडे खारबावला राहायला गेला होता, म्हणून इतके दिवस त्यानं फोटो पाहिला नव्हता. खदीजाबीनं मोठ्या कौतुकानं फ्रेम खाली काढून त्याच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं हात उचलून फातिहा पढली, तोंडावरून हात फिरवला आणि चष्मा सारखा करून बघायला लागला. बघता बघता त्याचं तोंड उतरलं.

"छान हाय," असं म्हणून त्यानं फ्रेम घाईनं परत केली. इद्रीस बाजूलाच बसला होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली, पण का ते त्यालाही कळेना.

खदीजाबी काय बावळट होती? तिनं म्हाताऱ्याचा चेहरा टिपला. "काय झालं चाचा?"

"काय नाय."

"तुम्ही त्या बंदराला गेलावता. तिथं नमाज पढलाव. सांगा."

हसनचाचाला खोटं बोलायची सवय नव्हती, हीच त्याची खोड. तरी त्यानं विषय बदलून पाहिला, चहा मागितला, खोकला काढला. ती हलेना. शेवटी जमिनीकडे बघत तो म्हणाला, "खदीजा, काबा आपल्याला मावळतीला. ग्रीस काबेच्या पलीकडं, वर. तिथून काबा उगवतीच्या अंगाला, खाली दक्षिणेकडं. आम्ही तिथं सूर्य उगवतो तिकडंच जरा उजवीला तोंड करून पढायचो."

"आणि हा सूर्य?"

हा सूर्य मावळतीचा, हे इद्रीसनंच तिला बोट ठेवून सांगितलेलं.

इद्रीसनं एवढी वर्षं दर्यावर काढली, जग पालथं घातलं, आणि हे डोक्यात आलं नाही. येणार कसं? नमाजाला उभा राहिला असता तर कळलं असतं. त्याला किबला ठाऊक होता तो लहानपणी बापाच्या बाजूला मशिदीत उभा राहून पाठ झालेला, सूर्य बुडतो तिकडे. त्यानं खोटी कबर बांधली, ती पण उलटी बांधली.

खदीजाबी फोटोकडे बघत होती. "म्हणजे पाठ हाय," ती म्हणाली. "काबेला पाठ करून ठेवलाय माझ्या पोराला."

त्या दिवसापासून तिनं हाय खाल्ली. अन्न गोड लागेना, झोप नाही. आधी निदान माहीत नव्हतं, माहीत नसण्यात थोडीफार आशा असते. आता तर भिंतीवर पुरावा टांगलेला. "तू गेलावतास तिथं," ती इद्रीसला पुन्हा पुन्हा म्हणायची. "तुझ्या डोळ्यांसमोर भाऊ उलटा पडलावता. तुला फोटो काढायचं सुचलं, त्याला फिरवायचं नाय सुचलं?" आणि मग तिचं एकच टुमणं सुरू झालं. परत जा. कबर उघड. त्याला फिरव.

इद्रीस कंपनीच्या हापिसात खेटे घालून दमला. बोटी बंद पडत होत्या, मालक बोटी भंगारात काढत होते, नवीन भरती फिलिपिन्सवाल्यांची होत होती. त्याला कोणी विचारेना. शेवटी शेलारला एका लूमच्या कारखान्यात रात्रपाळी धरली. कॅमेरा पेटीत गेला तो गेलाच. आणि समजा बोट मिळाली असती, तरी फिरवणार कोणाला?

एक दिवस त्याला ते असह्य झालं. खुर्शीद नको नको म्हणत होती, तरी तो अम्मासमोर बसला आणि त्यानं सगळं ओकून टाकलं. कबर नाहीच. ती मी बांधली, ह्या हातांनी, तुझ्यासाठी. सिराजला त्यांनी कधीच बाहेर काढला, त्यांची रीत आहे तशी. हाडं धुतली. कशानं धुतली तेही सांगितलं, काही लपवलं नाही. विहिरीचं सांगितलं, लोखंडी झाकणाचं सांगितलं. तो उलटा नाही अम्मा, तो कुठल्याच दिशेला नाही.

त्याला वाटलं होतं, ती ऊर बडवेल, शाप देईल, थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"जायचं नाय तुला, म्हणून सांग ना सरळ," ती म्हणाली. "भावाची हाडं कशाला दारूत बुडवतोस?"

"अम्मा, अल्लाची कसम."

"कसम नको घेऊ. फोटो हाय ना हा? ही कबर दिसते ना? डोळ्यांना दिसतं ते मी सोडू, आणि तुझ्या तोंडचं धरू?"

तो हात जोडून बसला. हसनचाचाला मध्ये घातलं, खुर्शीदनं पोरांची शपथ घेतली. सगळं फुकट. जेवढं जास्त समजावलं तेवढी तिची खात्री पटत गेली, की घरचे सगळे मिळून तिला गप्प बसवायला बघतायत. इद्रीसनं फोटो इतका चांगला काढला होता, की आता खुद्द इद्रीसचाही त्याच्यापुढे इलाज चालेना.

एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. डॉक्टर आले, गेले, रोगाचं नाव काही धड सांगेनात. एका सकाळी तिनं इद्रीसला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता, पण शुद्धीत होती, हे खुर्शीदनंही ऐकलं.

"मला खाली ठेवशील तेव्हा उगवतीकडं तोंड कर," ती म्हणाली.

"अम्मा, असं काय बोलतेस?"

"त्याची पाठ हाय, तर माझी पण असू दे. तो एकटाच गुन्हेगार उठायचा, आणि मी रांगेत उभी राहून बघायची? आई हाय मी त्याची. तू ठेवशील ना?"

उशाशी बसलेला हसनचाचा कासावीस झाला. "तौबा कर खदीजा," तो म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. ती इद्रीसच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि इद्रीसला हो म्हणवेना, नाही म्हणवेना. दुसऱ्या दिवशी अखेरची घरघर लागली तेव्हा रीतीप्रमाणे तिची खाट फिरवून तोंड मावळतीला केलं. तिनं मान वळवली, भिंतीकडे, उगवतीच्या. खुर्शीदनं हलक्या हातानं सरळ केली. तिनं पुन्हा वळवली. जीव गेला तो तसाच गेला.

दुपारच्या नमाजानंतर दफन होतं. कबर खणून तयार होती. मोहल्ला लोटला होता, काठावर माणसंच माणसं. मय्यत खाली घ्यायला इद्रीस उतरला, त्याच्यासोबत तिचा एक भाचा. दोघांनी तिला अलगद मातीवर टेकवलं. किती हलकी झाली होती. वरून हसनचाचानं धापा टाकत सांगितलं, "गाठ सोड. उजव्या कुशीला कर. तोंड किबल्याकडं."

इद्रीसनं कफनाची गाठ सोडली. कपडा बाजूला झाला आणि तोंड दिसलं, उगवतीकडेच कललेलं. तिचं तोंड दोन्ही हातांत धरून तो थांबला. वर सगळे बघत होते, भाचा बघत होता. तिला तसंच राहू दिलं असतं तर कोणाला चाललं असतं? आणि राहू द्यायचं तरी कोणाच्या सोबतीला? ज्याच्या सोबतीसाठी तिनं काबेला पाठ मागितली होती, तो तिथं नव्हताच. हे त्याला पुरतं ठाऊक होतं, आणि तिला ते पटवण्याची वेळ निघून गेली होती.

"इद्रीस," वरून हाक आली, "फिरवलं का?"

त्यानं आईचं तोंड मावळतीकडे फिरवलं. मान थंड आणि ताठ झाली होती, जोर लावावा लागला. सिराजसाठी तिनं त्याच्याकडे जे मागितलं होतं, ते आता त्यानं तिच्या मनाविरुद्ध तिलाच केलं. "फिरवलं," तो म्हणाला, आणि तिच्यावर आडव्या लावायच्या फळ्या घ्यायला त्यानं हात वर केले.